बारीक आवाज

आमच्या घरात ‘आवाज बारीक कर’ हे वाक्य दिवसातून दहादा तरी म्हटलं जायचं, आणि तेही बारीक आवाजातच. नाशिकच्या सिडकोतलं दोन खोल्यांचं घर. अण्णा सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. तीन आठवड्यांतून एक आठवडा त्यांची रात्रपाळी, रात्री ११ ते सकाळी ७. साडेसातला सायकल भिंतीला टेकवून ते आत यायचे, अंघोळ करायचे, चहात पोळी बुडवून खायचे आणि आतल्या खोलीत पडदा ओढून झोपायचे. तिथून दुपारी तीनपर्यंत घर हलक्या हाताने चालायचं. कुकर लागायचा नाही, डाळ पातेल्यात शिजायची. भांडी ठेवण्याआधी आई ओट्यावर फडकं पसरायची. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून फटीत जुन्या सतरंजीची घडी असायची.

रेडिओ मात्र बंद नसायचा. आईला तो लागायचाच. आवाजाचं बटण इतकं मागे फिरवलेलं असायचं, की आणखी केसभर फिरवलं तर ‘टक्’ होऊन रेडिओ बंद पडेल. त्या टोकावर गाणं फार वेगळं ऐकू येतं. आधी ठेका जातो, मग शब्द जातात, आणि गाण्याचा नुसता रंग उरतो. फोडणी पडली की तोही जातो. फोडणी निवली की गाणं परत येतं, तोवर ते अंतऱ्यावर पोचलेलं असतं. मी स्टुलावर बसून गणितं सोडवता सोडवता ते येणं-जाणं ऐकत असे. गाणी अशीच असतात असं मला वाटायचं. ती कुठेतरी सतत चाललेली असतात आणि आपल्या घरात मधूनमधून डोकावतात.

अण्णा कामावर असले की पहाटे मात्र रेडिओ मोकळ्या गळ्याने लागायचा. सहाच्या आधी आकाशवाणीची ती धून. वॉल्टर कॉफमन नावाच्या ज्यू संगीतकाराने ती १९३६ साली केली. नाझींच्या सावलीतून निसटून तो मुंबईत आला होता. पुढे व्हायोलिन, वळणं शिवरंजनीची, आणि मागे तंबोरा. कॉफमनचं नाव मला फार उशिरा कळलं. तेव्हा अंथरुणात पडून मी व्हायोलिन सोडून मागचा तंबोराच धरून ठेवायची. तो काहीच करत नसे आणि तरी सगळं त्याच्यावर उभं असे.

१९९४ साली, मी अकरावीत असताना, गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात आईबरोबर लसूण घ्यायला गेले होते. भाजीच्या रांगा संपतात तिथे जुनं सामान मांडून बसणारे असतात. कुलपं, पाने, चष्म्यांच्या फ्रेमा, रेडिओचे सांगाडे. तिथे कॅसेटींचा ढीग होता, पाच रुपयांना एक. सिनेमाच्या आणि भक्तिगीतांच्या कॅसेटींत एकीवर छापील कागदच नव्हता. निळ्या शाईने हाताने एवढंच लिहिलं होतं: ‘नादब्रह्म’. शास्त्रीय गाणं असेल असं समजून मी ती घेतली.

दुसऱ्या दिवशी अण्णा झोपल्यावर ती लावली. आधी टेपचा सूंऽऽ असा आवाज. मग एक घंटा, लहानशी, फार लांबवर वाजल्यासारखी. मग एक गुणगुण सुरू झाली आणि ती सुरूच राहिली. ना ताल, ना बंदिश. पाच मिनिटांनी आईने विचारलं, ‘‘बिघडलीय का गं?’’ पण ती बंद करायला आमच्यापैकी कुणी उठलं नाही. आई तांदूळ निवडत होती, मी वहीच्या समासात रेघा ओढत होते. अर्ध्या तासाने ‘खट्’ करून बटण वर आलं. आई मान वर करून म्हणाली, ‘‘संपलं?’’ आणि मग नळाचं ठिबकणं, शेजारचं शिलाई मशीन, आतून येणारं अण्णांचं घोरणं, एकेक आवाज आपापल्या जागेवर येऊन बसला. इतका वेळ हे सगळे कुठे गेले होते?

ती कॅसेट मी पुढे शेकडो वेळा ऐकली. तिच्यात एक गंमत होती. घंटा वाजायच्या दीड-दोन सेकंद आधी त्याच घंटेची पुसट सावली ऐकू यायची. आधी मला तो भास वाटला. मग कारण कळलं. टेप रिळावर थरावर थर बसते. बरीच वर्षं न वाजता पडून राहिली की एका थराची चुंबकीय खूण शेजारच्या थरावर उमटते, आणि वेढा फिरायला जेवढा वेळ लागतो तेवढं आधी त्या आवाजाचं भूत वाजतं. म्हणजे माझ्या हातात येण्याआधी ती कॅसेट कुणाच्या तरी कपाटात वर्षानुवर्षं एकटी पडून होती. तिच्या एकटेपणाची खूण तिच्यातल्या घंटेवर होती. मला त्या भुताची इतकी सवय झाली, की पुढे स्वच्छ प्रत ऐकली तेव्हा घंटा अचानक, न सांगता आल्यासारखी वाटली.

स्वच्छ प्रत मिळायला पंधराएक वर्षं गेली. ते संगीत गेऑर्ग डॉयटर या जर्मन माणसाचं होतं. सत्तरच्या दशकात तो पुण्याला कोरेगाव पार्कातल्या रजनीशांच्या आश्रमात राहिला आणि तिथल्या ध्यानांसाठी त्याने संगीत केलं. नादब्रह्म हे त्यातलंच एक ध्यान. अर्धा तास ओठ मिटून भुंग्यासारखं गुणगुणायचं, मग पंधरा मिनिटं हात अगदी सावकाश फिरवायचे, शेवटची पंधरा मिनिटं नुसतं स्वस्थ राहायचं. आम्ही मायलेकी तांदूळ निवडत त्यातलं पहिलं प्रकरण करत होतो, आम्हाला ठाऊक नसताना.

२००९ मध्ये घरी ब्रॉडबँड आलं आणि असं संगीत शोधण्याच्या वाटेला मी लागले. पहिला भेटला तो अर्थातच इंग्रज संगीतकार ब्रायन ईनो. ‘अँबियंट’ हे नाव त्यानेच १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’पासून रूढ केलं. लक्ष दिलं तर गुंतवून ठेवणारं, नाही दिलं तर मुकाट्याने बाजूला बसणारं संगीत, अशी त्याची कल्पना होती. (एरिक साती या फ्रेंच संगीतकाराने १९१७ मध्येच ‘फर्निचर-संगीत’ म्हणून काहीसं असंच मांडलं होतं.) ईनोला हे सुचलं त्याची हकीकत वाचताना मी खुर्चीत सरळ होऊन बसले. जानेवारी १९७५, लंडन. टॅक्सीने उडवल्यामुळे तो अंथरुणाला खिळलेला. ज्युडी नायलन ही मैत्रीण भेटायला आली आणि अठराव्या शतकातल्या हार्पच्या संगीताची तबकडी देऊन गेली. ती गेल्यावर त्याने कसंबसं उठून तबकडी लावली आणि परत आडवा झाला. तेव्हा कळलं की आवाज अगदीच बारीक आहे आणि दोनपैकी एक स्पीकर वाजतच नाही. पुन्हा उठायचं त्राण नव्हतं. बाहेर पाऊस पडत होता. पावसातून हार्पचे तेवढे मोठे मोठे सूर वर येत होते, बाकीचे बुडत होते.

नायलनने पुढे हीच हकीकत वेगळी सांगितली. तिच्या म्हणण्याप्रमाणे आवाज चुकून बारीक राहिला नव्हता. त्या दोघांनी मिळून तो पावसाच्या बरोबरीला आणून ठेवला होता. मला तिचं म्हणणं जास्त जवळचं वाटतं. बारीक आवाज नेमका कुठे ठेवायचा हे ठरवावं लागतं. आई ते रोज ठरवत होती, फोडणी आणि अण्णांची झोप यांच्या मधोमध.

मग एका रात्री यूट्यूबने मागितल्याशिवाय हिरोशी योशिमुरा हा जपानी संगीतकार समोर आणून ठेवला. हा अनुभव जगभरात अनेकांना आला. टोकियोच्या हारा कलासंग्रहालयात वाजवण्यासाठी दिलेलं त्याचं ‘म्युझिक फॉर नाईन पोस्ट कार्ड्स’ १९८२ चं. एक कीबोर्ड, दोन-चार सूर, आणि मध्ये भरपूर जागा. १९८६ मध्ये एका घरं बांधणाऱ्या कंपनीच्या तयार घरांसाठी त्याने ‘सराउंड’ नावाचं संगीत केलं. नव्या घराबरोबर घरातलं संगीत! ते वाचून मला सिडकोतल्या आमच्या एकसारख्या घरांच्या ओळी आठवल्या. खिडकीचं माप, मोरीचा उतार, पाण्याची टाकी, सगळं कुणीतरी ठरवलं होतं. तिथे काय ऐकू येईल हे कुणी ठरवलं नव्हतं, ते आमच्या आयांनी ठरवलं. योशिमुरा २००३ मध्ये वारला. त्याच्या तबकड्या जगभर नव्याने निघायला लागल्या त्या २०१७ नंतर.

अशा उशिरा पोचलेल्या माणसांच्या गोष्टी मी एका वहीत लिहून ठेवते. बेव्हर्ली ग्लेन-कोपलंड कॅनडात एका लहानशा गावाजवळ राहायचा. १९८६ मध्ये दोन यंत्रांवर, एक कीबोर्ड आणि एक ताल-यंत्र, त्याने ‘कीबोर्ड फँटसीज’ केलं आणि सुमारे २०० कॅसेटी काढल्या. फार थोड्या खपल्या. २०१५ मध्ये जपानमधल्या एका तबकडी-विक्रेत्याचं पत्र आलं: तुमच्याकडे आणखी प्रती आहेत का? तेव्हा तो सत्तरीला आलेला होता. त्यानंतर त्याचे जगभर कार्यक्रम झाले. ही नोंद लिहिताना मी सारखी बुधवारच्या बाजारातल्या त्या ढिगाकडे जात होते. मी उचलली नाही अशी शेजारची कॅसेट कोणती होती?

एक स्पष्ट सांगते. ‘न्यू एज’ या शिक्क्याखाली जे विकलं जातं त्यातलं बरंचसं मला ऐकवत नाही. पाण्याचा खळखळाट, वर गोडगोड बासरी, मुखपृष्ठावर कमळ. त्यात कुणी कान देऊन वाजवलेलं जाणवत नाही. पण म्हणून सगळी फळी झटकून टाकायची नाही. स्वतःच्या पैशाने शंभर-दोनशे कॅसेटी काढून ओळखीच्या लोकांना वाटणारी माणसं वेगळी होती. त्यांना विकायचं नव्हतं, सापडलेलं सांगायचं होतं. ते ऐकताना कळतं.

माझी शोधायची पद्धत साधी आहे. तबकडीच्या पाठीमागची नावं वाचायची, वरची नाही, खालची. मुख्य कलाकार, मग गिटार, मग पियानो, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात लहान अक्षरात, तंबोरा. या शेवटच्या ओळीने मला कुठे कुठे नेलं! पोपोल वू हा म्युनिकचा गट. फ्लोरियान फ्रिकेने तो सुरू केला तेव्हा त्याच्याकडे मूग कंपनीचा भलामोठा सिंथेसायझर (विजेवर सूर तयार करणारं वाद्य) होता, त्या काळी जर्मनीत अगदी मोजक्या लोकांकडे असेल असा. दोन तबकड्यांनंतर त्याने तो बाजूला ठेवला, पुढे विकूनही टाकला. १९७२ च्या ‘होझियाना मंत्रा’मध्ये पियानो, ओबो, गिटार, एका कोरियन मुलीचा पारदर्शक आवाज, आणि शेवटच्या ओळीत क्लाउस वीझे: तंबोरा. सायकेडेलिक, म्हणजे नशेसारखी भूल घालणारं संगीत, म्हटलं की लोकांना लखलखाट आठवतो. ही तबकडी ऐकताना मला थंडीत पहाटे रामकुंडावर पाण्यातून उठणारी वाफ आठवते.

अमेरिकेचा संगीतकार टेरी रायली. त्याचं ‘अ रेनबो इन कर्व्ह्ड एअर’ १९६९ चं. ते आपल्या हिंदुस्तानी संगीताच्या शिक्षणातून आलं असं पुष्कळदा गृहीत धरतात. खरं तर उलटं झालं. ते करून झाल्यावर, १९७० मध्ये, त्याला किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ भेटले आणि मग सव्वीस वर्षं, प्राणनाथ जाईपर्यंत, तो त्यांचा शागीर्द राहिला. नाव झालेला माणूस पुन्हा षड्जापासून सुरुवात करतो, याचं मला अजून अप्रूप आहे. प्राणनाथ अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. डेहराडूनजवळच्या टपकेश्वरच्या गुहांत त्यांनी काही वर्षं काढली. त्यांच्या ध्वनिमुद्रणांत तंबोरा गाण्याइतकाच पुढे असतो. आवाज त्यात शिरतो, बुडतो, कुठे संपला ते कळत नाही.

आणि किराणा म्हटलं की आपण मराठी माणसं मिरजेलाच पोचतो. वहीद खाँसाहेबांच्या नात्यातले अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. तंबोरेही मिरजेचे. एका लग्नाला गेले असताना मी मांडव सोडून सतारमेकर गल्लीत जाऊन बसले होते. पंढरपूरच्या बाजूने आलेले भोपळे माळ्यावर टांगलेले, खाली एक म्हातारे कारागीर जवारी लावत होते. घोडीचा माथा कानशीने इतका हलका घासायचा की भुकटीसुद्धा दिसू नये, मग तार आणि घोडी यांच्या मध्ये सुती दोरा सरकवायचा. त्या दोऱ्याला ‘जीव’ म्हणतात. तो नेमक्या जागी आला की तार नुसती वाजत नाही, गुंजायला लागते, एका सुरातून दहा सूर फुटतात. त्यांनी तार छेडली, मान वाकडी केली, पुन्हा कानस उचलली. असं तासभर. ते मान वाकडी करत होते तेव्हा मला अण्णा दिसत होते. मशीनच्या बेअरिंगवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंग कधी जाणार ते अण्णा असं सांगत.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बातमी वाचून मी दिवसभर खुशीत होते.

बाहेरच्यांच्या मागे जाता जाता घरातलं किती राहून गेलं होतं तेही दिसलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर हा अमेरिकन संगीतकार मूग यंत्र मांडून स्टुडिओ उभा करून गेला. पुढची तीनेक वर्षं तिथे गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आणि आणखी काही जणांनी त्यावर काम केलं. हीच गीता साराभाई १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज या अमेरिकन संगीतकाराला भारतीय संगीत शिकवत होती. मन निवळावं म्हणून संगीत, हे त्याने तिच्याकडून घेतलं आणि जन्मभर सांगितलं. अहमदाबादच्या त्या टेपा कपाटात राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकाराने त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. पन्नास वर्षं! अहमदाबाद आमच्यापासून एका रात्रीच्या बसवर आहे.

चरणजित सिंग तर मुंबईचेच. सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तबकडी पडली. पुढे १९८७ मध्ये शिकागोत त्यांतल्याच एका यंत्राच्या चिवचिवाटातून अ‍ॅसिड हाउस हे नाचाचं संगीत जन्माला आलं आणि २००२ मध्ये एका डच संग्राहकाला दिल्लीत ती जुनी तबकडी सापडली तेव्हा ऐकणारे चक्रावले, की हे तर पाच वर्षं आधीचं. ते संगीत बारीक आवाजाचं नाही, तरी माझ्या वहीत त्याला जागा आहे. भैरवीतला सूर यंत्र कसा घसरवतं ते एकदा ऐकावं.

आईला या सगळ्यातलं एकच नाव आवडतं. अ‍ॅलिस कोलट्रेन. जॉन कोलट्रेन या थोर सॅक्सोफोनवादकाची पत्नी, स्वतः उत्तम पियानो आणि हार्प वाजवणारी. नवरा गेल्यावर ती अध्यात्माकडे वळली, कॅलिफोर्नियात तिने वेदांत केंद्र काढलं आणि १९८२ मध्ये तिथल्या लोकांसाठी ‘तुरिया सिंग्ज’ ही कॅसेट केली. ऑर्गन, सिंथेसायझर आणि तिचा खालच्या पट्टीतला आवाज. मी स्वयंपाकघरात लावली होती. आई भाकरी थापता थापता थांबली. ‘‘ही जगदीश्वर म्हणतेय.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘आमच्या मंडळात ही चाल बसेल.’’ आमची आई सिडकोतल्या भजनी मंडळात तीस वर्षं टाळ धरून बसली आहे, चालीबद्दल ती उगाच बोलत नाही. फोनवर ते तिने मैत्रिणींना ऐकवलं. चाल बसली की नाही ते मला माहीत नाही, पण पुढे कितीतरी दिवस ती भाकरी करताना ते गुणगुणायची, आणि तिच्या तोंडी त्याला आपोआप हरिपाठाचं वळण यायचं.

नाशिक म्हटलं की बाहेरच्यांना आधी ढोल आठवतो. माझा ढोलाशी वाद नाही, गणपतीत मीही रस्त्यावर असते. पण या गावाला लांब रेंगाळणारा आवाजही आहे. पंचवटीत नारोशंकराच्या देवळात जी घंटा आहे तिच्यावर १७२१ साल आहे. ती पोर्तुगीजांची, चर्चमधली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर ती इकडे आली. पूर आला की लोक दुतोंड्या मारुतीकडे बघतात, पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, आणि जुनी माणसं या घंटेची आठवण काढतात. मला त्या घंटेपाशी उभं राहिलं की वाटतं, तंबोरा इथून तिकडे गेला, घंटा तिकडून इथे आली. एक प्रेमाने गेला, एक लढाईतून आली. आवाजाला हा फरक नसतो. ज्याच्या कानी पडला त्याचा तो होतो. गेलेल्याची आठवण मात्र आपण ठेवायला हवी.

आणि पांडवलेणी. १९६८ मध्ये पॉल हॉर्न नावाच्या अमेरिकन बासरीवादकाने रात्री ताजमहालाच्या घुमटाखाली बासरी वाजवली आणि ते मुद्रित केलं. एक फुंकर मारून थांबायचं, घुमट ती कितीतरी वेळ परत देत राहतो, मग पुढची. तिथल्या पहारेकऱ्याचा आवाजही त्या तबकडीत आहे, घुमटात सोडलेला. ते ऐकून मी एका श्रावणी सकाळी अठरा क्रमांकाच्या लेण्यात, चैत्यगृहात गेले. कुणी नव्हतं. बाहेर पाऊस. मी दबकत ‘सा’ लावला. काहीच झालं नाही. वरचा लावला, तो तर भिंतीला आपटून पडला. दारातला राखणदार म्हणाला, ‘‘ताई, खाली उतरा. लेणं वरचं घेत नाही.’’ मी खाली उतरत गेले, आणि एका जागी, माझ्या आवाजाच्या अगदी तळाशी, स्तूपामागून कुणीतरी माझ्याबरोबर म्हणायला लागलं. दगडाचा स्वतःचा सूर असतो, तो सापडला की खोली वाजते. दोन हजार वर्षांपूर्वी पावसाळ्यात इथे राहणाऱ्या भिक्खूंना तो रोजचा असणार. राखणदारालाही होता.

अण्णा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. पॉवर प्रेसच्या सहवासात तेहतीस वर्षं गेली. कानात घालायला कापसाचा बोळा असायचा, तोही आपला आपण नेलेला. अशा आवाजाने कान जातो तो आधी वरच्या पट्टीत, ४००० हर्ट्झच्या आसपास. पाखरं जातात. मग ‘स’ आणि ‘श’ जातात आणि माणसं पुटपुटायला लागली असं वाटतं. आणि जे गेलं त्याच्या जागी रात्री काहीतरी वाजायला लागतं. अण्णा म्हणतात, ‘‘भुंगा शिरलाय.’’ हठयोगाच्या जुन्या ग्रंथात आतून ऐकू येणाऱ्या नादांची यादी आहे, समुद्र, मेघ, शंख, घंटा, बासरी, वीणा, भुंगा. कुणी पाहुण्याने अण्णांना ते सांगितलं, म्हणजे तुम्हाला अनाहत ऐकू येतोय असं. मला ते आवडलं नाही. हा कारखान्याचा आवाज आहे, तो घरी आला आणि जायचं नाव घेत नाही. त्याला दुसरं काही नाव देऊ नये.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, यावर गोळी नाही. रात्री अगदी शांतता ठेवू नका, मागे काहीतरी हलकं चालू ठेवा. मी वही काढली. योशिमुरा लावला, तो अण्णांना पोचेचना. त्याचे सूर उंच, काचेसारखे, नेमके त्या गेलेल्या पट्टीतले. डॉयटरची घंटाही नाही. ती आता फक्त माझी होती. मग ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’मधला दुसरा तुकडा लावला, ज्यात नुसते मानवी आवाज आहेत, लांब ‘आ’, एकामागून एक, मध्ये मोकळी जागा. अण्णा उशीला टेकून बसले होते. सात-आठ मिनिटं अवाक्षर नाही. मला वाटलं झोपले.

‘‘बरीच मशिनं चालू आहेत,’’ ते म्हणाले.

मी विचारलं, म्हणजे?

‘‘प्रत्येकाचा सायकल टाइम वेगळा आहे. हा एक आला ना, तो मघाशी त्या जाड आवाजाच्या आधी आला होता. आता नंतर आला. दोन्ही एकत्र कधी येतील बघत होतो. येतच नाहीत.’’

ईनोने ते तसंच केलं आहे. एकेक सूर टेपच्या वेगवेगळ्या लांबीच्या वेढ्यांवर घेतला. एक साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा सव्वीसला किंचित कमी, तिसरा तिसाला किंचित कमी. टेपचे वेढे इतके लांब की स्टुडिओतल्या खुर्च्यांच्या पायांभोवतून फिरवावे लागले. तुकड्या तुकड्याने जुळवलेलं काहीच नाही. वेढे सोडून दिले आणि ते जसे भेटतील तसे भेटले. हे मी दहा वर्षांपूर्वी वाचलं होतं आणि तेव्हापासून पन्नासेक वेळा ऐकलं होतं, पण नुसतं ऐकून मला ते कधी कळलं नसतं. अण्णांना मी तिन्ही आकडे सांगितले. त्यांनी ते बोटांवर मोजल्यासारखे केले आणि म्हणाले, ‘‘मग नाहीच जुळायचे. बरं केलंय.’’

आता रोज रात्री दहाला तेच लागतं, कधी प्राणनाथांचा तंबोरा. कानातली यंत्रं काढून डबीत ठेवली की अण्णांना जवळजवळ काहीच येत नाही, म्हणून स्पीकर मी त्यांच्या लोखंडी कॉटवर, डोक्याच्या बाजूच्या पट्टीवर ठेवते. परवा मी आवाज जरा वाढवला, त्यांना यावा म्हणून. अण्णांनी हात वर केला.

‘‘बारीक कर. तुझी आई झोपलीय.’’

मी बटण मागे घेतलं. मलाच आता नीट ऐकू येत नव्हतं, पंख्याच्या आवाजात मधूनच एखादा ‘आ’ वर यायचा आणि बुडायचा. अण्णांनी अंधारात चाचपून कॉटच्या लोखंडी पट्टीवर तळवा टेकवला, बेअरिंगवर टेकवायचे तसा, आणि डोळे मिटले.

‘‘येतंय,’’ ते म्हणाले.